बारमाही चुका दर उन्हाळ्यात का जातो? सोलापूरच्या हवेत तो टिकवण्याचे उपाय

तक्रार दरवर्षी तीच असते. दिवाळीच्या सुमारास लावलेला चुका डिसेंबर-जानेवारीत भरभरून पानं देतो. महाशिवरात्रीच्या आसपास मधूनच एक उभा दांडा फुटतो, नवी पानं लहान आणि चिवट येऊ लागतात. होळीनंतर पानांच्या कडा करपतात आणि एप्रिल संपेपर्यंत कुंडीत वाळका बुंधा उरतो. बियांच्या पाकिटावर मात्र 'बारमाही' असं छापलेलं असतं. पुढच्या दिवाळीला पुन्हा नवं बी आणि पुन्हा तोच प्रकार.

यामागे एकच कारण नसतं. कधी झाडच हंगामी असतं, कधी दांडा वेळेवर काढलेला नसतो, कधी पाण्यातला क्षार नडतो. सगळ्यात जास्त झाडं मात्र उन्हाळ्यात मूळ भाजल्याने किंवा नंतरच्या पावसात ते सडल्याने जातात. म्हणून खत-औषध शोधण्याआधी आपल्या कुंडीत नेमकं कोणतं झाड आहे ते पाहून घ्यावं.

आधी झाड ओळखा

मंडईत ज्याची पेंडी मिळते तो आपला आंबट चुका म्हणजे रुमेक्स व्हेसिकॅरियस. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत यालाच चुक्काकूरा म्हणतात आणि त्याचा पप्पू, म्हणजे डाळ घालून केलेलं वरण, करतात. ही वनस्पती हंगामी आहे. उगवते, पानं देते, गुलाबी पापुद्र्यांची फळं धरते आणि वाळून जाते. तिला मार्चमध्ये कितीही पाणी घातलं तरी ती पुढच्या हिवाळ्यापर्यंत राहणार नाही, कारण तिचं आयुष्यच तेवढं आहे. मंडईतल्या बियांपासून आलेला चुका उन्हाळ्यात गेला, तर त्यात लावणाऱ्याची काहीच चूक नाही. सप्टेंबर-अखेरीपासून दर तीन आठवड्यांनी थोडं थोडं बी टाकत राहणं हाच त्याचा उपाय.

बारमाही प्रकार त्याच कुळातले, पण वेगळे. युरोपात भाजी म्हणून लावतात ती सॉरेल म्हणजे रुमेक्स असिटोसा. फ्रेंच सॉरेल म्हणजे रुमेक्स स्कुटॅटस, हिची पानं लहान, ढालीच्या आकाराची. रुमेक्स पेशन्शिया पुरुषभर उंच जाणारा, लांब रुंद पानांचा आणि चवीला कमी आंबट. कुरळ्या कडांचा रुमेक्स क्रिस्पस बहुतेक ठिकाणी तण म्हणूनच ओळखला जातो.

ओळखायला तीन खुणा पुरेशा आहेत. पहिली खूण पेऱ्यावरची. पानाचा देठ जिथे खोडाला मिळतो तिथे खोडाभोवती पातळ कागदासारखी नळी असते. कोवळी असताना ती पांढुरकी दिसते, नंतर तपकिरी होऊन फाटते. हे चुक्याच्या पॉलिगोनेसी कुळाचं लक्षण आहे. पालकाला ती नसते, त्यामुळे पालक आणि चुका यांचा घोळ इथेच मिटतो.

दुसरी खूण पानाच्या बुडाशी. रुमेक्स असिटोसाचं पान बाणाच्या टोकासारखं असून बुडाचे दोन कोपरे देठाच्या दिशेने मागे वळलेले असतात. दांड्यावरची वरची पानं तर बिनदेठाची, खोडाला कवटाळून बसलेली. आपल्या चुक्याचं पान मांसल, गुळगुळीत आणि त्रिकोणाकडे झुकणारं असतं.

तिसरी खूण मुळाची आणि तीच निर्णायक. हंगामी चुका उपटला तर बारीक सोटमूळ सहज हातात येतं. बारमाही झाड पहिल्या वर्षीच बुडाशी जाड होतं. पेशन्शिया किंवा क्रिस्पस असेल तर गाजरासारखं मूळ खोल जातं आणि नखाने खरवडलं की आतून पिवळं दिसतं. असिटोसाचं मूळ इतकं जाड नसतं, पण बुडाशी डोळ्यांचा, म्हणजे नवी पानं फुटतात त्या कोंबांचा, घट्ट झुपका बनतो.

बी मागवतानाच होणारी एक फसगत सांगायला हवी. 'सॉरेल' हे नाव जगात तीन वेगवेगळ्या झाडांना लावतात. कॅरिबियन बेटांवर सॉरेल म्हणजे लाल अंबाडी. 'वूड सॉरेल' म्हणजे आपली आंबोशी, जी कुंडीत न लावताही उगवते. तेव्हा पाकिटावर रुमेक्स हा शब्द आहे का ते पाहावं आणि बी हातावर घेऊन बघावं. चुक्याचं बी तीन धारांचं, तपकिरी, चकचकीत, साधारण दोन मिलिमीटरचं असतं. अंबाडीचं बी त्याच्या दुप्पट मोठं आणि मूत्रपिंडाच्या आकाराचं.

दांडा फुटणं

कांद्याला डेंगळा येतो तसाच हा दांडा. कांद्यात मात्र डेंगळे येण्यामागे थंडी असते. चुक्यात दिवस मोठा होणं, ऊन वाढणं, झाडाचं वय आणि पाण्याचा ताण ही कारणं एकत्र येतात. पाण्याची एक पाळी चुकली आणि त्याच आठवड्यात दुपारचा पारा ३४ अंशांवर गेला, तर जो दांडा पंधरा दिवसांनी आला असता तो लगेच वर येतो.

एकदा दांडा उठला की झाड साठवलेलं सगळं त्यात ओततं. पानं लहान, कडक होतात आणि आंबटपणाबरोबर तुरटपणा वाढतो. हंगामी चुक्यात हा शेवट असतो. चांगल्या दोन-तीन झाडांचं बी धरावं, बाकीची उपटून आमटीत घालावी. बारमाही झाडात दांडा काढला की बुडातून पुन्हा पानं फुटतात, पण तो वेळेवर आणि योग्य जागी काढला तरच.

दांडा वीतभर होण्याआधी, फुलांच्या कळ्या घट्ट असतानाच कापावा. नुसता शेंडा खुडला तर खालच्या प्रत्येक पेऱ्यातून फांदी फुटते आणि एका तुऱ्याचे पाच होतात. म्हणून धारदार चाकूने मातीलगत, मुळाचा डोळा न दुखवता कापावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दर चार दिवसांनी झाड उलगडून मध्यभागी पाहावं. पानाची कळी गुंडाळलेली आणि चपटी असते, दांडा गोल आणि भरीव लागतो, बोटाने चाचपलं तरी कळतं. कापणीच्या दिवशी पाणी द्यावं आणि दोन मुठी गांडूळखत बुडापासून चार बोटं लांब मिसळावं.

असिटोसात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. एकच झाड असेल तर त्याच्यापासून बी धरायची आशा ठेवू नये. वाढवायचंच असेल तर झाड विभागून वाढवावं. सोलापुरात त्यासाठी ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर हा काळ चांगला. तीन वर्षांच्या झाडाचा झुपका खुरप्याने उकरून, प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे आणि पुरेसं मूळ राहील असे भाग करावेत आणि एकेका फुटावर लावावेत. जुनं, गच्च झालेलं झाड लवकर दांड्यावर जातं, त्यामुळे विभागणीने तोही त्रास कमी होतो.

तुरा कचऱ्यात टाकायचा झाला तर बी तपकिरी होण्याआधीच टाकावा आणि बी भरलेला तुरा कंपोस्टच्या खड्ड्यात कधीही घालू नये. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये वेगवेगळ्या तणांचं बी बाटल्यांत भरून जमिनीत पुरलं होतं आणि ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरून उगवण पाहायची असा प्रयोग लावला होता. ८० वर्षांनी काढलेल्या बाटलीतलं रुमेक्स क्रिस्पसचं बी उगवलं. या कुळाचं बी एकदा मातीत मुरलं की नातवंडांच्या काळापर्यंत वाट पाहू शकतं.

एप्रिल ते जून: पानं जाऊ द्या, मूळ जगवा

बारमाही चुका इथे टिकतो की जातो ते याच तीन महिन्यांत ठरतं. बहुतेक जण या काळात पानं हिरवी ठेवण्यासाठी धडपडतात, जास्त पाणी आणि जास्त खत देतात. नुकसान तिथेच होतं. असिटोसा आणि तिच्या बहिणी थंड हवेच्या. मे महिन्यात पारा ४० च्या पुढे असताना त्या वाढणार नाहीत आणि त्यांना वाढवूही नये. पानं पिवळी पडून गळली तरी खाली मूळ टणक असेल तर झाड जिवंत आहे.

याच कुळातली एक वनस्पती अमेरिकेच्या नैऋत्य वाळवंटी भागात वाढते. तिचं नाव रुमेक्स हायमेनोसेपॅलस, स्थानिक नाव कनायग्रे. ती हिवाळ्यात पानं काढते, वसंतात फुलते आणि ऊन तापायला लागलं की जमिनीवरचा सगळा भाग वाळवून मुळाच्या कंदात झोपून राहते. त्या कंदात टॅनिन इतकं असतं की कातडी कमावायला तो वापरला जात असे. आपल्या झाडाकडून उन्हाळ्यात अशीच झोप अपेक्षित धरावी आणि झोपेत त्याचं मूळ भाजणार किंवा सडणार नाही एवढंच बघावं.

मूळ भाजतं ते कुंडीच्या बाजूने. स्लॅबवर ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीवर दुपारी तीन वाजता हात ठेवून बघा, टेकवत नाही. आतली माती ओली असली तर ते पाणीही तापतं आणि मुळाची टोकं त्यातच मरतात. वरून पाणी दिलं तरी पानं माना टाकतात ती यामुळे. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून दुपारी अजून पाणी घालतात.

गुढीपाडव्याच्या आसपास पुढची कामं उरकून घ्यावीत:

१. कुंडी स्लॅबवरून उचलून दोन विटांवर ठेवावी, म्हणजे खालून हवा खेळेल. सकाळी दहा-अकरापर्यंतचं ऊन मिळेल आणि पश्चिमेचं अजिबात लागणार नाही अशी जागा पाहावी.

२. ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट वरून बांधावी, शिवाय पश्चिम बाजूनेही सोडावी. नुसतं छत केलं तर चार वाजताचं तिरकं ऊन थेट कुंडीवर येतं. जाळी झाडापासून किमान तीन फूट उंच हवी.

३. कुंडीला बाहेरून चुना लावावा किंवा गोणपाट गुंडाळावं. मातीची कुंडी असेल तर ती मोठ्या टोपल्यात ठेवून मधल्या फटीत वाळू भरावी आणि ती वाळू ओली ठेवावी.

४. बुडाभोवती उसाचं पाचट बारीक करून दोन ते तीन इंच पसरावं. पाचट नसेल तर कडब्याची कुट्टी चालते. मधल्या डोळ्यावर मात्र ते येऊ देऊ नये, तिथे चार बोटं जागा मोकळी सोडावी.

५. जुनी, करपलेली पानं काढून चार-पाच कोवळी पानं ठेवावीत. त्यानंतर जूनपर्यंत तोडणी बंद, खत बंद.

पाणी सकाळी आठच्या आत. बोट दोन इंच खाली घालून माती कोरडी लागली तरच द्यावं. झाडावर पानं कमी असतात तेव्हा त्याला पाणीही कमी लागतं, ही गोष्ट सहज विसरली जाते. नळाला रोज पाणी येत नाही त्या घरांत दोन लिटरची बाटली तळाशी सुईने भोक पाडून मातीत अर्धी रोवून ठेवावी. झाकण किती घट्ट करतो त्यावर थेंब पडण्याचा वेग ठरतो. भरलेली बाटली एका दिवसात रिकामी होत असेल तर झाकण अजून आवळावं.

जमिनीत लावलेल्या झाडाची अडचण वेगळी. आपली काळी माती वाळली की आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या भेगा मुळं तोडतात आणि खालची ओल वर सोडून देतात. शाळूच्या रानात 'एक कोळपणी, अर्धं पाणी' म्हणतात ते याचसाठी. चुक्याच्या वाफ्यातही खुरप्याने वरचा दोन इंचांचा थर भुसभुशीत करून भेगा बुजवाव्यात आणि त्यावर पाचट टाकावं. एकदा मोठी भेग पडू दिली की वरून दिलेलं पाणी सरळ त्यातून खाली निघून जातं, मुळाला लागतच नाही.

मेच्या शेवटी झाड मेलंय की झोपलंय हे कळत नसेल तर बुडाजवळची माती थोडी बाजूला करावी. मूळ दाबून पाहावं. टणक लागलं आणि खरवडल्यावर आतून ओलसर, फिकट किंवा पिवळसर दिसलं तर वाट पाहावी. पोकळ, तपकिरी आणि कुजका वास येणारं असेल तर ते गेलं.

उन्हाळ्यातून वाचलं आणि पावसात गेलं

हे फार जिवाला लागतं. तीन महिने सांभाळलेलं झाड जुलैत हिरवं होतं आणि सप्टेंबरात अचानक मान टाकतं, ओढलं तर बुंधा हातात येतो. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस जोराचा असतो. काळी माती पाणी धरून ठेवते, मुळाला हवा मिळत नाही आणि उन्हाळ्यात ज्या मुळांची टोकं भाजून मेलेली असतात तिथूनच कूज शिरते. म्हणजे रोग सप्टेंबरात दिसला तरी त्याची सुरुवात मेमध्ये झालेली असते.

कुंडीसाठी नुसती काळी माती वापरू नये. चार भाग तांबडी माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम आणि एक भाग कोकोपीट हे मिश्रण पाण्याचा निचरा करतं. असिटोसाला १२ इंची कुंडी पुरते. पेशन्शियाचं मूळ खोल जातं, त्याला १८ इंच खोली द्यावी. जमिनीत लावायचं तर वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा.

लावताना डोळा मातीच्या वर राहिला पाहिजे. पावसाने किंवा भर घालताना माती चढून डोळा गाडला जातो आणि तिथेच पाणी साचून सडतो. पहिल्या पावसाआधी पाचट काढून टाकावं, कारण मेमध्ये जे ओल धरतं तेच सप्टेंबरात कूज वाढवतं. झाड सडायला लागल्याचं लवकर लक्षात आलं तर ते उपटून मऊ भाग निरोगी मुळापर्यंत कापून टाकावा, कापलेली बाजू अर्धा दिवस सावलीत सुकवावी आणि कोरड्या नव्या मिश्रणात लावावं. तीन-चार दिवस पाणी देऊ नये.

पानं पिवळी पडणं, कडा जळणं

कोणतं पान पिवळं पडतंय त्यावर कारण ठरतं. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. दर तीन आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत घातलं की पुरतं.

वरची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर ते लोह न मिळण्याचं लक्षण. आपल्याकडच्या मातीत चुनखडी असते, मातीचा सामू (पीएच) आठच्या आसपास जातो आणि मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. दुकानात यासाठी साधारणपणे ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता यावं म्हणून दुसऱ्या द्रव्यात बांधलेलं लोह, हातात ठेवतात. ते चुनखडीच्या मातीत घातलं तर फार टिकत नाही. मातीत घालायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं मागावं, ते अशा सामूतही टिकतं. फवारायचं असेल तर एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावं. आधी एका पानावर करून दोन दिवस बघावं. फवारल्यावर दहा दिवस पानं तोडू नयेत आणि नंतर नीट धुऊन घ्यावीत.

कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होणं हा प्रकार बोअरच्या पाण्यावर वाढवलेल्या कुंड्यांत जास्त दिसतो. मातीवर किंवा कुंडीच्या काठाला पांढरा थर आला असेल तर क्षार साचलेत हे नक्की. अशा वेळी खत घातलं तर कडा अजून जळतात. कुंडीत जेवढी माती आहे त्याच्या दुप्पट पाणी, नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं, हळूहळू ओतून खालून वाहून जाऊ द्यावं. हिवाळ्यात महिन्यातून एकदा हे केलं तर उन्हाळ्यापर्यंत क्षार साचत नाहीत. खाली ताटली असेल तर त्यातलं पाणी फेकून द्यावं, नाहीतर तेच क्षार परत वर चढतात.

जानेवारीच्या थंडीत पानांवर लाली चढली तर घाबरायचं कारण नाही, ऊब आली की नवी पानं हिरवी येतात.

बी उगवत नसेल तर

बी फार खोल गेलेलं असतं किंवा माती फार तापलेली असते. रुमेक्सच्या बऱ्याच जातींचं बी उजेड लागला तर चांगलं उगवतं, म्हणून त्यावर मातीचा थर अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. घरचं बी असेल तर पापुद्रे हाताने चोळून, पाखडून काढावेत. सप्टेंबरमध्ये ऊन कडक असेल तर ट्रे सावलीत ठेवून वर ओलं गोणपाट घालावं आणि पहिला कोंब दिसताच ते काढावं. एक दिवस उशीर झाला तरी रोपं लांबुळकी होतात. साधारण आठ ते चौदा दिवसांत उगवण होते. बारमाही प्रकार ऑक्टोबरच्या मध्यानंतर पेरलेला बरा. त्याला उन्हाळ्यापूर्वी मूळ भरायला पाच महिने मिळतात. डिसेंबर-जानेवारीत पेरलेलं रोप मेमध्ये तग धरत नाही आणि सगळा दोष मग जातीला दिला जातो.

किडींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पानात पांढऱ्या नागमोडी रेषा दिसल्या तर ती नागअळी, पान तोडून चुरगळून टाकावं. मावा आला तर पाण्याचा जोराचा फवारा पानाखालून मारावा. त्याने नाही गेला तर निंबोळी अर्क. पानं खायची आहेत, त्यामुळे रासायनिक औषधाच्या वाटेला न गेलेलंच बरं.

स्वयंपाकघरात

डाळ शिजत नाही ही चुक्याच्या आमटीची नेहमीची अडचण. चुका आंबट असतो आणि आंबटात डाळीची साल व गर मऊ व्हायला फार वेळ लागतो. त्यात बोअरचं जड पाणी असलं तर कुकरच्या सहा शिट्ट्यांनंतरही दाणा कचकच राहतो. दीडशे ग्रॅम तुरीची डाळ अर्धा तास भिजवून, हळद घालून आधी पूर्ण शिजवून घोटावी. दोनशे ग्रॅम चुका निवडून, धुऊन, वेगळ्या पातेल्यात अर्ध्या वाटी पाण्यात चार-पाच मिनिटं शिजवून रवीने मोडावा आणि मग डाळीत घालावा. भिजवलेले शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालायची असेल तर तीही आधीच शिजलेली हवी. ज्वारीचं पीठ एक चमचा पाण्यात कालवून लावलं की आमटी मिळून येते. लसणाची फोडणी वरून.

रंग हिरवा राहत नाही, शेवाळी-तपकिरी होतो. यावर उपाय नाही. आंबटाने हरितद्रव्य बदलतं आणि ते काही मिनिटांतच घडतं. सोडा घातला तर रंग थोडा राहतो, पण चुक्याची चवच मारली जाते.

भांडं स्टीलचं, मातीचं किंवा चांगली कल्हई असलेलं पितळी घ्यावं. लोखंडी कढईत भाजी काळी पडते आणि लोखंडाची चव उतरते. ॲल्युमिनियमही नको, आम्लात ते झिजतं.

आंबटपणा येतो तो मुख्यतः ऑक्झॅलिक आम्लामुळे. दात आंबतात तेही त्यामुळेच. किडनीत ऑक्झलेटचे खडे झालेल्यांनी चुका टाळावा किंवा डॉक्टरांना विचारून खावा आणि कच्च्या पानांचा रस कोणीच पिऊ नये. पानं दोन-तीन मिनिटं उकळून पाणी फेकलं तर ऑक्झलेट कमी होतं, पण त्याबरोबर आंबटपणाही जातो. दोन्ही एकाच वेळी साधत नाही. सोबत ताक-दही घेण्याची आपली पद्धत इथे उपयोगी पडते, कारण त्यातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला बांधतं.

बारमाही प्रकारांची पानं आमटीशिवायही चालतात. तुर्कस्तानात पेशन्शियाच्या मोठ्या पानांत भात आणि सारण गुंडाळून शिजवतात. पोलंड-युक्रेनमध्ये असिटोसाचं सूप उकडलेलं अंडं घालून करतात. आपल्याकडे पेशन्शियाची कोवळी पानं अळूवडीसारखी बेसन लावून उकडता येतात. चिंच घालायची नाही, पानाचा आंबटपणा पुरतो. पान वाफेवर पटकन विरघळतं म्हणून एकावर एक तीन पानं घ्यावीत आणि गुंडाळी घट्ट बांधावी. मूळ मात्र खायचं नाही. त्यात एमोडिनसारखी जुलाब करणारी द्रव्यं असतात आणि घरगुती औषध म्हणून ते उकळून पिण्याचा प्रयोग करू नये.

तोडलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतात. एप्रिलमध्ये तोडणी बंद करायची आहे, त्यामुळे मार्चच्या शेवटच्या तोडणीची पानं लगेच शिजवून, घोटून, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवावीत. पेंडीभर पानांचा मूठभरच लगदा होतो. चार जणांच्या आमटीला अशा सहा-सात वड्या लागतात. डाळ शिजल्यावर त्या तशाच गोठलेल्या टाकायच्या.